‘तुझी सेवा कोणती?’

प्रिय सोनू,

सलाम. मिरजेला पोचून आठवडा झाला नाही तोवर तिथल्या चर्चच्या मंडळीतल्या तीन मावश्यांनी तुला विचारलं, “काय गं, तुझी सेवा कोणती?” आणि तू गप्प बसलीस. इकडच्या युवक गटात भरून घेतलेल्या प्रश्नावलीत तुझं कृपादान ‘दया’ निघालं होतं, पण ते तिकडे सांगायला तुला कसंतरीच वाटलं. तू लिहितेस: सेवा आणि कृपादान एकच का? आणि तिकडची माणसं कृपादान न विचारता सेवाच का विचारतात?

एकच नाही. पण मावश्यांनी दोरी योग्य टोकाकडून धरलीय.

मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’. ‘खारिस’ म्हणजे कृपा, आणि कृपेने जे फुकट मिळालं ते खारिस्मा. इकडे त्याला ‘गिफ्ट’ म्हणतात, आणि गिफ्ट एकदा हातात पडलं की आपलं होतं. मराठी बायबलात शब्द आहे ‘कृपादान’, आणि दान म्हटलं की घेणाराही डोळ्यांसमोर येतो. पेत्राने पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात हेच सांगितलंय: ज्याला जे कृपादान मिळालं ते त्याने चांगल्या कारभाऱ्यासारखं एकमेकांसाठी वापरावं. (आजीच्या शेजारच्या काकू नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणतात, तो अर्थ सध्या बाजूला ठेव.) कारभारी म्हणजे कोठाराची किल्ली ज्याच्या कमरेला, पण आतली ज्वारी ज्याची नव्हे. कुणाला किती मापायची एवढंच त्याच्याकडे. त्याने कोठाराला कुलूप घालून ठेवलं तरी तो चुकला, आणि एक पोतं स्वतःच्या घरी नेलं तरी चुकला.

म्हणजे कृपादान ही किल्ली, आणि सेवा म्हणजे ज्वारी मापून देणं. ज्वारी कुणाच्या पदरात पडली हे बघितल्याशिवाय कारभारी कसा आहे ते कळत नाही. मावश्या म्हणून सेवा विचारतात.

याद्या तू वाचल्या असशीलच. रोमकरांच्या बाराव्या अध्यायात सात नावं आहेत: संदेश, सेवा, शिकवणं, बोध करणं, दान देणं, पुढारपण, दया. पहिल्या करिंथच्या बाराव्या अध्यायात सुरुवातीला नऊ आहेत, त्यात निरोगी करणं, भाषा (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं) आणि भाषांचा अर्थ सांगणं येतं. इफिसकरांच्या चौथ्यात तर माणसंच मोजलीत: प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक. यातली कुठलीही यादी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. ही पत्रं लिहिणाऱ्या पौलाला कोष्टक करायचं असतं तर त्याने ते जुळवलं असतं. समोरच्या मंडळीत जे भांडण किंवा जी गरज होती तिच्याप्रमाणे त्याने नावं घेतली. करिंथच्या त्याच अध्यायाच्या शेवटाकडे, २८व्या वचनात, तो ‘मदत करणारे’ आणि ‘व्यवस्था पाहणारे’ असंही म्हणतो. उपदेशांत हे दोन शब्द पटकन ओलांडले जातात, आणि मंडळी चालते ती बहुतेक त्यांच्यावरच. लग्नात वाचतात तो तेरावा अध्याय, प्रीतीचा, याच भांडणाच्या मधोमध बसलाय. आधी बारावा, मग चौदावा वाचलास की तो नवरानवरीपेक्षा हुशार पण भांडकुदळ मंडळीलाच जास्त लागू पडतो.

अंगचे गुण वेगळे आणि कृपादान वेगळं का, हा प्रश्न पुढे येईलच. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं बघ. बाप्तिस्मा १८९५ चा, पण कविता ते त्याआधीपासून करत होते. अभंग आणि ओवी त्यांच्या घरचीच होती. नंतर तीच ओवी मंडळीच्या गाण्यात उतरली, आणि आजी आज जी गाणी टाळांवर म्हणते त्यातली बरीच त्यांची आहेत. शेवटची दोनेक वर्षं ते साताऱ्यात होते. १९१७ मध्ये त्यांनी तिथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. गुण जुनाच होता, मालक बदलला. त्यामुळे ‘हे माझ्या स्वभावातच आहे, मग कृपादान कसलं’ या वादात फार शिरू नकोस. आत्म्याचं फळ मात्र खरंच वेगळं. गलतीकरांच्या पाचव्या अध्यायात त्याचे नऊ पैलू आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता वगैरे. कृपादानं वाटून मिळतात, कुणाला हे, कुणाला ते. फळ मात्र सगळ्यांकडून सगळं अपेक्षित. ‘सहनशीलता माझं कृपादान नाही’ असं म्हणून सुटता येत नाही.

आता तुझी प्रश्नावली. ती वाईट नाही, पण तिला कळतं ते एवढंच की तुला काय आवडतं आणि तू आजवर काय करून पाहिलंस. ज्याने कधी आजाऱ्याजवळ रात्र काढली नाही त्याचे दयेचे गुण कमी येतात, आणि ज्याला स्वतः दयाळू असल्याचं कौतुक आहे त्याचे भरपूर येतात. शिवाय आपणच आपल्याला तपासतो. मिरजेच्या घरसभेत ही तपासणी दुसरी माणसं करतात, आणि तीही न सांगता.

घरसभेला गेलीस की नीट बघ. सात-साडेसातला पंधरा-वीस माणसं, खाली सतरंजी, पेटी, ढोलकी. दोन-तीन गाणी, विनंत्या, एखाद्याची साक्ष, वीसेक मिनिटं वचन, प्रार्थना, चहा. वचन सांगणारा तुला दिसेलच. पण विनंत्या कोण लिहून घेतं आणि पुढच्या आठवड्यात ‘त्या पोराच्या परीक्षेचं काय झालं?’ असं कोण विचारतं ते बघ. घरच्या बाईला ओट्यापासून उठवून गाण्याला कोण बसवतं आणि कप कोण विसळतं ते बघ. ज्यांच्याकडे गेल्या महिन्यात माती झाली त्यांच्याशेजारी न बोलता कोण बसतं तेही. आजीला यातल्या प्रत्येकाचं नाव माहीत आहे. कुणी कुणाला पद दिलेलं नाही. काम केलं, लोकांना ते लागू पडलं, पुढच्या वेळी त्यांनी त्यालाच हाक मारली. दोन-तीन वर्षं अशी हाक येत राहिली की मग पाळक आणि पंच त्याला नाव देतात.

तुझं ‘दया’ तपासायला मिरजेसारखं गाव नाही. दवाखान्यांचं गाव ते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि नुसत्या शस्त्रक्रिया न करता इथल्या मुलांना वैद्यकी शिकवली. इफिसकरांच्या चौथ्यात म्हटलंय तसं, बाकीच्यांना सेवेसाठी तयार करणं. आजही कर्नाटकातून आणि कोकणातून माणसं मिरजेच्या दवाखान्यांत येतात आणि नातेवाईक व्हरांड्यात दिवस काढतात. मंडळीतल्या बाया भेटीला जातात, तर त्यांच्याबरोबर जा. पण आधी एवढं वाच.

दोघींनी जायचं, भेटीच्या वेळेतच. सर्दी-खोकला असेल तर घरी राहायचं. हात धुवायचे, अत्तर लावायचं नाही. आधी सिस्टरला विचारायचं, मग नातेवाइकांना, मग खाटेकडे. खाटेवर बसायचं नाही. टाके असतील तर नुसत्या गादीच्या हलण्यानेही कळ येते. आजाऱ्याला मान न वळवता दिसू अशा जागी थांबायचं. दहा मिनिटं पुरेत. ‘काय झालंय, कुठल्या स्टेजला आहे’ हे विचारायचं नाही. ‘माझ्या नणंदेला अगदी हेच झालं होतं’ हे वाक्य तर गिळून टाकायचं, कारण नणंदेचं पुढे काय झालं हे आजारी माणूस विचारतोच.

प्रार्थनेआधी परवानगी घ्यायची: “प्रार्थना केली तर चालेल का?” माणूस ख्रिस्ती असो-नसो. नाही म्हणाला तर नाही, आणि तोंड न पाडता. हो म्हणाला तर २३वं किंवा १२१वं स्तोत्र. पहिलं सहा वचनांचं, दुसरं आठ, मिनिटभरात होतात. प्रार्थना त्याहून मोठी नको, आणि त्याचं नाव नीट विचारून घ्यायचं. न विचारता अंगावर हात ठेवायचा नाही. तेल लावणं हे याकोबाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे मंडळीच्या वडिलांचं काम, ते बोलावल्यावर येतात. ‘तू उद्या उठून बसशील’ असं वचन देवाच्या नावाने आपण द्यायचं नाही. आणि कुणी ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर’ म्हणत असेल, तर तिथल्या तिथे पाळकांच्या कानावर घालायचं. त्यातून माणसं दगावतात.

खरं काम याच्यापुढे सुरू होतं. बाहेर नातेवाईक असतो, त्याला विचार: “तुम्ही जेवलात कधी?” आजाऱ्याचं पथ्य सिस्टर सांगेल, आपला डबा या माणसासाठी. दोघांना एका वेळेला चार-पाच ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाची घट्ट आमटी, कोरडी चटणी. पातळ रस्सा नको, प्रवासात सांडतो. बरीच माणसं फक्त कन्नड बोलतात, म्हणून मंडळीतली कन्नड येणारी एखादी बरोबर न्यायची. करिंथच्या पत्रातलं भाषांचं कृपादान हे नव्हे, पण ‘मदत करणारे’ मध्ये ती बसतेच. घरी सोडल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक फोन. हा फोन हमखास राहतो, कारण तोवर नवीन आजारी आलेला असतो. वहीत तारीख लिहिली तरच होतो.

महिनाभर हे केल्यावर स्वतःला विचार. रोमकरांच्या त्याच यादीत दया करणाऱ्याने ती आनंदाने करावी असं म्हटलंय. थकशील, ते चालेल. पण परत येताना त्या माणसांचा राग येत असेल, किंवा आपल्याला कुणी पाहिलं का हेच मनात घोळत असेल, तर कदाचित तुझी जागा दुसरीकडे असेल. त्यात कमीपणा नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा राहून जाऊ लागल्या, तेव्हा प्रेषितांनी ते काम स्वतःकडे ओढलं नाही. लोकांना सात जण निवडायला सांगितलं, आणि अट घातली ती आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असण्याची. वाढप्यांसाठी!

व्यवस्थेचं कृपादान बघायचं असेल तर कापणीच्या सणाला थांब. शेतकरी कुटुंबं गूळ, हळद, बेदाणे, ज्वारी, कोंबडी, अंडी आणतात आणि आवारात लिलाव होतो. पुकारणारा गमतीदार असतो, सगळे त्याच्याकडे बघतात. तू टेबलामागच्या माणसाकडे बघ. वस्तू, बोली, नाव, रोख की बाकी, असे चार रकाने. पैसे दोघांनी मोजायचे आणि दोघांनी सही करायची. पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी पाठवताना हेच केलं. दुसऱ्या करिंथच्या आठव्या अध्यायात त्याने बरोबर दुसरी माणसं दिली, कुणाला बोट ठेवायला जागा नको म्हणून. घोटाळा होतो तो ‘बाकी’ या रकान्यात. जोशात बोली लागते, सण संपतो, आणि वसुलीला जायला कुणाला तोंड होत नाही.

भाषा बोलण्याबद्दलही तू विचारलंस. आजीची जुनी मिशनची मंडळी शांत, आणि तुझ्या मैत्रिणीच्या मंडळीत सगळे एकदम मोठ्याने. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे मोठी आत्मिक जागृती, झालं, तेव्हापासून महाराष्ट्रात हे कुणाला अगदी नवीन नाही. पौलाचा नियम पहिल्या करिंथच्या चौदाव्या अध्यायात आहे: दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने, आणि कुणीतरी अर्थ सांगावा. सांगणारा नसेल तर त्याने मंडळीत गप्प राहून देवाशी बोलावं. हा नियम मैत्रिणीच्या मंडळीत शिकवायला जाऊ नकोस, तू पाहुणी आहेस. पण कुणी तुला ‘भाषा नाही म्हणजे आत्मा नाही’ म्हणालं तर त्याच पत्राच्या बाराव्याचं ३०वं वचन काढ. सगळेच भाषा बोलतात काय, असं तिथे विचारलंय, आणि उत्तर ‘नाही’ असंच धरलंय.

रविवारी मावश्यांनी पुन्हा विचारलं तर ‘दया’ म्हणू नकोस. “अजून ठरली नाही, मावशी. कुठे माणूस कमी पडतंय?” एवढंच म्हण. बहुतेक संडे स्कूलचं नाव निघेल. तिथे लहान मुलांचा वर्ग आधी घेऊ नकोस, त्यांना तुझं मराठी कळायला वेळ लागेल. आधी एखाद्या बाईंच्या हाताखाली चार रविवार बस. कीबोर्ड वाजव असंही म्हणतील. तिथे आधीच तिघं रांगेत आहेत असं आजी म्हणाली, तेव्हा ती जागा सोड.

आणि दवाखान्यात द्यायच्या डब्यावर बारीक खिळ्याने आजीचं नाव कोरून घे, झाकणावर आणि खालीही. स्टिकर दोन धुण्यांत निघतो. तिचे दोन डबे आधीच कुठल्यातरी वॉर्डात राहिलेत.

तुझे,
पप्पा