माळावर तितर टिकवायचे तर

अथणीकडचा माळ राखायचा म्हणतोस, फार बरं वाटलं. पण लगेच झाडं लावत सुटू नकोस. तितराला मोकळं गवत लागतं, मध्येमध्ये बोर-तरवडाची जाळी, बस्स. आणि वणवा नको म्हणजे नकोच. तितर आणि लावा ही पाखरं जमिनीवरच अंडी घालतात: गवताच्या बुडाशी नुसता उथळ खळगा, चार काड्या, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. म्हणून पावसाळाभर गुरं आत सोडू नकोस. कापणी दिवाळीनंतर, तीही मधून कडेला, म्हणजे पाखरं बांधाकडे पळतात. तिसरा हिस्सा उभाच ठेव. वारुळं मोडू नकोस, पिल्लं वाळवी-किड्यांवरच वाढतात. तळ्याकाठचा लव्हाळा, पाणकणीस राहू दे. तणनाशक तिथं अजिबात नको. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त मात्र आधी बघ.