अपील न्यायालयातील न्यायाधीश आणि मतदारांचा कौल

प्रश्न : अमेरिकेत राज्याच्या अपील न्यायालयातील न्यायाधीशांनाही मतदारांना सामोरे जावे लागते, हे खरे आहे काय? शिवाय साक्षीपुरावे खालच्या न्यायालयातच आटोपत असतील, तर या न्यायाधीशांना दिवसभर काम तरी काय असते?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. हे काम बहुतांशी वाचनाचे आहे. साक्षीदार नाही, ज्युरी नाही. पुढ्यात असते ती खालच्या न्यायालयात उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाची टिपणे आणि दोन्ही पक्षांचे लेखी युक्तिवाद. आरोपी दोषी आहे की नाही हे पुन्हा ठरवायचे नसते. खटला चालवताना कायद्याची चूक झाली का आणि त्या चुकीने निकालावर परिणाम झाला का, एवढेच तीन न्यायाधीशांचे पीठ पाहते. कॅलिफोर्नियात तोंडी युक्तिवाद होण्यापूर्वीच निकालपत्राचा कच्चा मसुदा बहुधा तयार असतो, आणि प्रकरण निकालासाठी राखून ठेवल्यावर 90 दिवसांत निर्णय दिला नाही, तर तो देईपर्यंत न्यायाधीशाला पगार घेता येत नाही. ही तरतूद खुद्द राज्यघटनेत आहे!

आता मतदारांविषयी. याबाबत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी आहे. टेक्सासमध्ये हे न्यायाधीश पक्षाच्या उमेदवारीवर निवडणूक लढवतात, तर मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरने नेमलेला न्यायाधीश वयाच्या 70 व्या वर्षापर्यंत पदावर राहू शकतो. कॅलिफोर्नियाने मधला मार्ग धरला आहे : नेमणूक गव्हर्नर करतो, तीन सदस्यांचा आयोग तिला मान्यता देतो, आणि पुढे मतपत्रिकेवर प्रतिस्पर्ध्याविना एकच नाव येते, ज्यापुढे मतदाराने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगायचे असते. पूर्ण मुदत 12 वर्षांची असते.

या पद्धतीचे दोन्ही रंग क्रूझ रेनोसो यांनी पाहिले. त्यांचा जन्म 1931 साली कॅलिफोर्नियात, शेतमजुरांच्या कुटुंबात, अकरा भावंडांमध्ये झाला. त्यांच्या वस्तीत टपाल घरपोच मिळत नसे, तेव्हा कोवळ्या वयातच त्यांनी थेट वॉशिंग्टनला पोस्टमास्तर जनरलकडे अर्ज केला आणि टपाल सुरू झाले. वरच्या दारी दाद मागण्याचा पहिला धडा त्यांनी तिथेच गिरवला, असे म्हणायला हरकत नाही. पुढे गरीब शेतमजुरांना कायद्याची मदत देणाऱ्या संस्थेचे संचालकपद आणि काही वर्षे अध्यापन करून, 1976 साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या नेमणुकीने ते सॅक्रॅमेंटोच्या अपील न्यायालयात आले आणि 1982 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे 1984 साली त्यांनी लिहिलेले एक निकालपत्र वर सांगितलेल्या कामाचा उत्तम नमुना आहे. एका फौजदारी खटल्यात इंग्रजी न येणाऱ्या आरोपीचा दुभाषी साक्षीदारांची जबानी भाषांतरित करण्यासाठी काढून घेतला गेला आणि तेवढा वेळ आरोपीला स्वतःच्या वकिलाशी बोलण्याचेही साधन उरले नाही. खटला चालू असेतो आरोपीला दुभाषी मिळालाच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

दोनच वर्षांनी, 1986 साली, फाशीच्या शिक्षेवरून पेटलेल्या प्रचारात मतदारांनी मुख्य न्यायाधीश रोज बर्ड आणि जोसेफ ग्रोडिन यांच्यासह रेनोसोंनाही ‘नाही’ म्हटले. मतपत्रिकेवर निकालपत्रे छापलेली नसतात, केवळ नाव असते; या पद्धतीचा मला खटकणारा भाग तोच. रेनोसो मात्र कायद्याच्या विद्यार्थ्यांकडे परतले, 2000 साली त्यांना अध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मिळाले आणि 2021 साली, नव्वदी गाठून, ते निवर्तले.