मुलांची रोर्शाक टेस्ट: एक्सनरची पद्धत की आर-पास?

तुम्ही विचारलंय की नववीतल्या मुलीची रोर्शाक (शाईच्या डागांची कार्डं दाखवून त्यात काय दिसतं ते विचारायची मानसशास्त्रीय टेस्ट) करायचीय, तर ती घ्यायच्या आणि तपासायच्या दोन पद्धतींपैकी एक्सनरची घ्यावी की आर-पास. मी आर-पास म्हणेन.

कार्डं दोन्हीकडे तीच 10, रोर्शाकने 1921 ला छापलेली, प्रश्नही तोच, "हे काय असू शकेल?" फरक आहे तो उत्तरं किती घ्यायची यात. एक्सनरमध्ये (1974) मूल देईल तितकी उत्तरं बहुतेक करून घेतात, पण एकूण 14 च्या खाली गेलं की प्रोटोकॉल (म्हणजे त्या उत्तरांची सगळी नोंद) धरत नाहीत, आणि टीनएजर मुलं म्हणजे कसं, "वटवाघूळ" म्हणायचं अन् कार्ड टेबलावर ठेवायचं, विषय संपला! मग सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हटलं की आधीच कंटाळलेलं पोर अजून वैतागतं. उलट एखादं बडबडं सात वर्षांचं पोर एकाच कार्डात अख्खी राणीची बाग काढून दाखवतं.

आर-पासमध्ये (2011) म्हणून आधीच सांगून टाकतात, दर कार्डाला दोन, फार तर तीन उत्तरं दे. एकच आलं तर आठवण करायची, चार झाली की कार्ड मागून घ्यायचं.

"कुठे दिसलं, कशामुळे तसं वाटलं" ही दुसरी फेरी दोन्हीकडे 10 कार्डं झाल्यावरच असते, आणि लहान मुलं तिथेच गळपटतात, आपण काय बोललो तेच आठवत नाही त्यांना.

होल्ट्झमन नावाची शाईच्या डागांचीच वेगळी टेस्ट पण आहे, 45 कार्डं आणि प्रत्येकाला एकच उत्तर, मोजायला मस्त, पण करणारं कोणीतरी सापडायला हवं ना.

आणि हो, एक्सनरचे मुलांचे जुने नॉर्म्स (तुलनेसाठी वापरायचे सर्वसाधारण आकडे) बघून रिपोर्ट लिहिणाऱ्यांपासून जरा जपून.