विंचूदंशावर अभ्यास करायचाय? आधी एवढं बघ

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम कोकणातच केलं, तेव्हा तालुक्याच्या गावी संशोधन होत नाही हे डोक्यातून काढ. प्रश्न मात्र एकच धर. नवखी मंडळी फॉर्मात ढीगभर रकाने आखतात, निम्मे कोरेच राहतात.

खरा घोळ दंशाच्या वेळेत होतो. 'सांजेक इंचू चावलो' एवढ्यावर आकडा टाकू नकोस. शेवटची एसटी गेली होती का, विचार. मग घाम, गार हातपाय, नाडी, रक्तदाब, दर वेळी घड्याळ बघून.

- औषधाची चाचणी असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) इथे नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी.
- संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून. पेशंट घामाने निथळत असेल तर आधी उपचार. संमतीशिवाय अभ्यासात धरायचं नाही.

पी-व्हॅल्यूचं, म्हणजे संख्याशास्त्राच्या आकडेमोडीचं, नंतर बघू.