क्लाऊन माशाच्या जोडीला कोण चालेल?

२०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत कोणते मासे एकत्र ठेवावेत, असं विचारलंस म्हणून सांगतो. सुरुवात ऑसेलॅरिस क्लाऊनच्या जोडीनं कर. दोन्ही पिल्लं घे, एक जरा मोठं. मोठं पुढं मादी होतं, धाकटं नर राहतं. मग कुरबुरी लवकर मिटतात. मरून क्लाऊन मात्र नको, फार मारकुटा.

सोबत बांगाई कार्डिनल एकच आण, दोन नर एकमेकांना जगू देत नाहीत. निऑन गोबी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑर्किड डॉटीबॅक हवाच असेल तर सगळ्यात शेवटी सोड; आधी सोडलास तर तो टाकीचा पाटील होतो. निळ्या टँगचा नाद सोड, त्याला ही टाकी पुरत नाही.

दुकानात ‘टँक-ब्रेड आहे’ (म्हणजे टाकीतच जन्मलेला) एवढ्यावर पैसे काढू नकोस. समोर पेलेट, म्हणजे दाणेदार खाद्य, टाकायला सांग. घरात वाढलेला, धडधाकट मासा लगेच झडप घालतो. अंग चोरून कोपऱ्यात बसला, की सरळ घरी ये.

गोव्याला गेलास तरी किनाऱ्याचं पाणी कॅनमधून आणू नकोस, आरओ फिल्टरच्या शुद्ध पाण्यात मत्स्यटाकीसाठीचं सागरी मीठ मिसळून घनता १.०२५ ठेव. आणि बेळगावची डिसेंबरातली थंडी ध्यानात घे: पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला हीटर लागतोच, लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंपही.