वाचक विचारतात : क्लेम करावा की पदरचे पैसे घालावेत?

प्रश्न : खांबाला घासून मागचं दार आणि त्यामागचा क्वार्टर पॅनल चेपला आहे. गेली चार वर्षं एकही क्लेम नाही. गॅरेजवाले म्हणतात, क्लेम टाका, तुमचं काय जातं. टाकू का?

उत्तर : जातं, आणि ते मोजता येतं. आधी पॉलिसीतला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता वेगळा काढा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, सहसा तेवढ्याच भागावर असतो, दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर नाही.

समजा सवलत नसती तर हा हप्ता १०० झाला असता. तुमची सवलत ४० टक्के, म्हणजे तुम्ही ६० भरता. सवलत दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते आणि ५० वर थांबते असं धरू. क्लेम केला नाही तर पुढची पाच वर्षं दरवर्षी ५० भराल. क्लेम केला आणि सवलत शून्यावर आली, तर १००, ९०, ८०, ७०, ६० असं भराल. जास्तीचे झाले ५०, ४०, ३०, २० आणि १०, एकूण १५०. त्यात प्रत्येक क्लेममध्ये तुम्हाला सोसावा लागणारा वाटा मिळवा, समजा २०. दुरुस्तीचं बिल १७० च्या आत असेल तर क्लेम करणं तोट्याचं. तुमच्या पॉलिसीतले टक्के वेगळे असतील, काही ठिकाणी एका क्लेमला सवलत थोडीच उतरते. आकडे बदला, रीत हीच ठेवा. फक्त पहिल्या वर्षाचा तोटा बघून ठरवू नका, इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दार आणि पॅनल एकाच धडकेत चेपले असतील तर ती एक घटना. दोन वेगळ्या दिवशी झालं असेल तर दोन क्लेम, आणि तुमचा वाटाही दोनदा. जुने चार पोचे एका अपघातात दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर साफ नाही म्हणा. विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरला रंगाचे थर, गंजाची सुरुवात आणि ओरखड्यांची दिशा दिसते, आणि खोटी माहिती दिली म्हणून सगळाच क्लेम फेटाळला जातो.

दुरुस्तीचा अंदाज घेताना दोन भाग वेगळे विचारा. दार बोल्टवर असतं, बदलता येतं. क्वार्टर पॅनल बॉडीला वेल्ड केलेला असतो, बदलायचा तर कापावा लागतो. म्हणून तो डेंटिंग करून सरळ करण्यावरच भर द्या. रंग तडकला नसेल तर आतून दाबून पोचा काढणारे कारागीर रंगाला हात न लावता काम करतात, आणि ते बरंच स्वस्त पडतं. रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर मात्र निर्णय होईपर्यंत थांबू नका. फोटो काढून ठेवा आणि प्रायमरचा हात फिरवा.

धडकेत दुसऱ्या कोणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याची वस्तू मोडली असेल, तर हा हिशेब लागूच होत नाही. तिथे परस्पर मिटवू नका, विमा कंपनीला मुदतीत कळवा.

प्रश्न : गाडी तीन-तीन आठवडे उभी राहते आणि मग सेल्फ मारला की नुसता टक-टक आवाज येतो. दर आठवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेवतो, तरी असं का?

उत्तर : गाडी बंद असली तरी अलार्म, लॉक, घड्याळ, कंट्रोल युनिट थोडा थोडा करंट खातात. साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत तो ठीक मानतात. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, २१ दिवसांत २५. बॅटरीवर ६० लिहिलं असलं तरी पाचव्या वर्षी ती ४० देत असेल. त्यातले २५ गेले की सेल्फला पुरेल इतका जोर उरत नाही.

दहा मिनिटांच्या आयडलिंगने ती भरून येत नाही. आयडलवर, म्हणजे गाडी जागेवर चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) थोडंच देतो, त्यातलं एसी, दिवे आणि पंखा खातात. वर इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे आत धरलेलं पाणी आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये साचतं. एक तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नाहीतर आपोआप थांबणारा मेंटेनन्स चार्जर लावून ठेवा. दुसरा उपाय जास्त चांगला.

मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसावेत. नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा खालीवर होतो, त्याला घाबरू नका. चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरत असेल, तर निगेटिव्ह केबलच्या मध्ये मीटर जोडून गळती मोजा. दारं बंद करून, लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, तोवर सगळी युनिट झोपी जात नाहीत. मीटर जोडलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० च्या बराच वर आकडा असेल तर एक एक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळेल, त्या सर्किटमध्ये दोष. डिकीचा न विझणारा दिवा, बाहेरून बसवलेला कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टिम हे नेहमीचे गुन्हेगार.

प्रश्न : भाड्याची गाडी परत करताना न केलेल्या ओरखड्याचे पैसे कापले गेले. पुढच्या वेळी काय काळजी घेऊ?

उत्तर : ताबा घेतानाच, जागेवरून हलण्याआधी, फोटो काढा. चारही कोपरे, चारही रिम जवळून, छत, काच तिरप्या उजेडात, पुढच्या बंपरची खालची कड, आणि डॅशबोर्ड, ज्यात किलोमीटर व इंधनाचा काटा दोन्ही दिसतील. दिसलेला प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर लिहून घ्या, तोंडी कबुलीला अर्थ नाही. परत देताना पुन्हा हेच, आणि शक्यतो माणूस असतानाच द्या. बंद ऑफिसच्या पेटीत किल्ली टाकली तर सकाळपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच राहू शकते.

'पूर्ण संरक्षण' ऐकून निश्चिंत होऊ नका. टायर, काच, छत, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली आणि चुकीचं इंधन हे त्यातून पुष्कळदा वगळलेलं असतं. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली तर संरक्षण उडतं. इंधनासाठी 'भरलेली घ्या, भरलेली द्या' हा करार निवडा. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल पडलं तर इग्निशनसुद्धा ऑन करू नका, कारण टाकीतला पंप तेवढ्यानेच ते पुढे ढकलतो. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. पेट्रोल गेलं की धातू घासून त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. टाकी उपसणं स्वस्त, त्यानंतरचं सगळं महाग.

प्रश्न : मला गाडीची मनापासून आवड आहे. १५ इंची चाकांच्या जागी १७ इंची अलॉय बसवायचे आहेत. टायर घासतील का? विम्याला अडचण येईल का?

उत्तर : हौस जरूर करा, फक्त मोजून करा. १९५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. या टायरचा व्यास ६३४.५ मिलिमीटर भरतो (रिम ३८१, त्यात वरखाली १२६.७५). २२५/४५ आर १७ चा व्यास ६३४.३. फरक जवळजवळ शून्य, म्हणून स्पीडोमीटर आणि एबीएस बिघडणार नाहीत. दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नका.

घासण्याचा प्रश्न रिमची रुंदी आणि ऑफसेट ठरवतात. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीचा जो भाग चाक धरतो) टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. समजा आत्ताची रिम ६ इंच रुंद, ऑफसेट ४५. नवी साडेसात इंच, ऑफसेट ३८. रुंदी दीड इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १९-१९ मिलिमीटर. ऑफसेट ७ ने कमी झाला म्हणून चाक ७ मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड २६ मिलिमीटर बाहेर, आतली १२ मिलिमीटर आत. आता स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि मागे माणसं बसवून तेवढी जागा आहे का ते फूटपट्टीने बघा. बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत जुळलाच पाहिजे. मधलं भोक मोठं असेल तर हबवर बसणारी रिंग घाला, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. नटांची बैठक शंकूसारखी की गोल, तेही जुळवा. ५० ते १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) पुन्हा तपासा.

टायरचा लोड इंडेक्स मूळ आकड्याच्या खाली नको. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. आणि टायरवरच्या शिक्क्याचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५२२ म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा. नव्या म्हणून विकलेल्या टायरवर चार वर्षांपूर्वीची तारीख असेल तर घेऊ नका.

किंमत कशात मोजाल? बाजूची भिंत १२७ वरून १०१ मिलिमीटरवर आली. खड्ड्यात ती कमी दबते, म्हणून रिम वाकणं आणि टायरला फुगा येणं वाढतं. रोजचा रस्ता खराब असेल तर माझं मत १६ इंच, २०५/५५ : दिसायला पुरेसं, चालवायला सुखाचं.

विमा कंपनीला बसवण्याआधी लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद करून घ्या. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसतोच, आणि मग क्लेम अडकतो. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर फार तर कंपनीच्या मूळ चाकांइतके पैसे मिळतील. मूळ चाकं टाकू नका. गाडी विकताना तीच लावून द्या आणि अलॉय वेगळे विका.

प्रश्न : साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर?

उत्तर : पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये गेलेलं असेल तर पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय मुद्दाम चालू करून झालेलं इंजिनचं नुकसान अनेक पॉलिसी 'मागाहून झालेलं' म्हणून नाकारतात. पाणी दारापर्यंत कुठे आलं त्याचा फोटो काढा, सुरक्षितपणे पोहोचता येत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा आणि गाडी उचलून न्या. गॅरेजमध्ये आधी एअर फिल्टर उघडायला सांगा. तो ओला निघाला तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवल्याशिवाय कोणालाही किल्ली लावू देऊ नका.