तिन्ही विभाग ‘आमच्याकडे बसत नाही’ म्हणत असतील तर आधी शीटच्या नंबराचं बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालंय. भुदरगड आणि आजरा तालुक्यातल्या रानभाज्या नि औषधी झाडपाल्याची बोलीतली नावं, त्यांची शास्त्रीय ओळख आणि त्यांतले घटक हा सगळा मिळून एकच विषय पीएच.डी.ला घ्यायचाय. आणि वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भाषा या तिघांनीही पुढच्या दाराकडे बोट दाखवलंय. माझंही काही वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं, फक्त मी भाषेच्या दारातून आत शिरलो होतो. म्हणून जरा लांब लिहितोय.

पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा), कोर्सवर्क, सिनॉप्सिसचा म्हणजे संशोधन आराखड्याचा साचा यात मी जात नाही, ते सगळं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. शिवाय मी सांगतोय तो माझा अनुभव आहे, नियम मधल्या काळात बदललेले असू शकतात. २०२२ चे यूजीसीचे पीएच.डी.चे नियम स्वतः एकदा वाचून काढा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

नोंदणी कुठे करायची, हा तुमचा पहिला प्रश्न. माझं मत सरळ आहे: तुमची पदव्युत्तर पदवी ज्या विषयात आहे तिथेच, म्हणजे रसायनशास्त्रात करा. वनस्पतिशास्त्राचा सहमार्गदर्शक घ्या आणि भाषेचा भाग विषय मंजूर करणाऱ्या समितीला पचेल अशा शब्दांत एका प्रकरणात मांडा. कुणीतरी तुम्हाला ‘आंतरविद्याशाखीय’ विद्याशाखा सुचवेल. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या नावाची विद्याशाखा आहे खरी, पण तिच्याखाली प्रामुख्याने शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय येतात. नाव बघून तिकडे गेलात तर फेरा फुकट जाईल. आणि समितीत कुणी विचारलंच की रसायनशास्त्राच्या प्रबंधात बोली कशाला, तर २०२१ साली कामारा-लेरेट आणि बास्कोम्प्टे यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास पुढे ठेवा. उत्तर अमेरिका, वायव्य ॲमेझॉन आणि न्यू गिनी इथल्या २३६ भाषांमधले औषधी वनस्पतींचे १२ हजारांवर उपयोग त्यांनी तपासले, आणि त्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक उपयोग फक्त एकेका भाषेतच माहीत असल्याचं दाखवलं. भाषा गेली की औषधाची माहिती जाते हे आकड्यांत मांडलेलं असलं की समिती ऐकते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पोस्टमध्ये गाईड, फेलोशिप, घटक तपासणाऱ्या मशीनचे दर सगळं आहे, पण नमुन्याची शीट (दाबून वाळवलेलं झाड चिकटवलेला कागद) कुठे जमा करणार याबद्दल एक ओळ नाही. माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालं.

झाड ओळखून, त्याची शीट वनस्पतींच्या संग्रहात दाखल करून तिचा नोंद क्रमांक देणं हे काम ज्या कार्यालयाकडे होतं, त्याचं नाव मी लिहिणार नाही. ते कोल्हापुरात होतं की बाहेर, तेही नको. मी फुलांसह दाबून वाळवलेले नमुने, लेबलं, जागेच्या नोंदी असं सगळं घेऊन गेलो. उत्तर मिळालं की अर्जदार वनस्पतिशास्त्राचा नाही, त्यामुळे त्या विषयाच्या मंजूर सहमार्गदर्शकाचं पत्र लागेल. ठीक आहे, नियम असेल. पण माझ्या बाजूला सहमार्गदर्शक मंजूर करायचा तर नमुने ओळखल्याचा कागद हवा होता. म्हणजे हे पत्र त्या कागदावाचून नाही आणि तो कागद या पत्रावाचून नाही. दोन्हीकडची माणसं आपापल्या टेबलावर बरोबर होती आणि त्या दोन टेबलांमध्ये माझं वर्ष गेलं.

गठ्ठा मात्र त्यांनी ठेवून घेतला. ‘असू दे इथंच, साहेब आले की बघतील.’ पोच दिली नाही. मी मागितली तर ‘विश्वास नाही का?’ असं विचारलं. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. जुलै-ऑगस्टच्या हवेत आठवडाभर कागद न बदललेला गठ्ठा म्हणजे बुरशीला आमंत्रण. शेवटी पत्र मिळालं, साहेबही भेटले, गठ्ठा उघडला तेव्हा अर्ध्या शीटांवर बुरशी होती, पाकळ्या गळल्या होत्या. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की यावरून जात ठरवता येणार नाही, फुलावरचा ताजा नमुना आणा. फुलं पुढच्या पावसात.

यात नुसता वेळ गेला असता तर मी इतकं लिहिलं नसतं. मधल्या काळात त्याच झाडांच्या पानांचे मिथेनॉलमधले अर्क काढून झाले होते, मशीनवर चालवून झाले होते, पैसे भरून झाले होते. कोणत्याही बऱ्या नियतकालिकात पाठवलं की परीक्षक पहिली गोष्ट विचारतो: व्हाउचर क्रमांक, म्हणजे संग्रहातल्या शीटचा नोंद क्रमांक? तो नाही म्हणजे तुमची बाटली कुठल्या झाडाची आहे याला पुरावा नाही, मग आलेख कितीही सुंदर असो. आणि माझ्या ध्वनिमुद्रणात एक आजी झाडाला हात लावून म्हणते, ‘ही बघ, हीच ती.’ ‘ही’ म्हणजे कोणती, हे सांगणारी शीट कुजून गेलेली. आजींना गुडघ्यांमुळे पुन्हा त्या बांधावर नेणं शक्य नव्हतं. त्या नोंदी मी प्रबंधातून काढल्या. आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं सांगणं, आणि यावर मी हटून बसतो: रानात पाऊल टाकायच्या आधी संग्रहाला पत्र लिहा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं हर्बेरियम म्हणजे असा संग्रह आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. कुठे, कोणत्या अर्जावर, कुणाच्या सहीने, किती शीट आणि क्रमांक मिळायला साधारण किती वेळ, हे लेखी विचारा. तुमच्या अर्जावर आवक शिक्का आणि गठ्ठ्याची पोच घेतल्याशिवाय एकही नमुना हातातून सोडू नका. माणूस कितीही चांगला असला तरी पोच घ्या. एका झाडाचे किमान तीन नमुने दाबा: एक जमा करायला, एक दुसऱ्या संग्रहासाठी, एक तुमच्या घरी कोरड्या कपाटात. आणि एका झाडाला रानातच एक क्रमांक द्या. तोच क्रमांक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला मोठ्याने बोला, तोच शीटच्या लेबलावर लिहा, तोच अर्काच्या बाटलीवर. भाषा, वनस्पती आणि रसायन या तिन्हींना बांधणारी एवढी एकच गोष्ट तुमच्या हातात आहे. लेबल पेन्सिलीने लिहा, जेल पेन ओलाव्यात पसरतं. चिवळसारख्या मांसल भाज्या दाबण्याआधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा, नाहीतर त्या वाळतच नाहीत.

नावांबद्दल. फोटो दाखवून ‘याला काय म्हणता?’ असं विचारू नका. फोटोत वास नाही, उंची नाही, चीक नाही, आणि माणसं पाहुण्याला नाराज करायचं नाही म्हणून काहीतरी नाव सांगतात. आधी नुसतं विचारा की पावसाळ्यात कोणकोणत्या भाज्या आणता, सुचतील तशी नावं घेऊ द्या. मग त्यांच्याबरोबर चालत जाऊन जिवंत झाडापाशी थांबा. एकाच झाडाचं नाव वेगवेगळ्या वाड्यांवर वेगवेगळ्या माणसांना स्वतंत्रपणे विचारा. बायकांशी बाईनेच बोलावं हे माझं मत. मला पहिल्या खेपेला काही कळलं नाही, वहिनी बरोबर आली तेव्हा बाळंतिणीच्या औषधांची यादीच सुरू झाली. तुम्हाला तो फायदा आहे. आजऱ्याकडून चंदगडकडे सरकलात की बोलीवर कोकणी आणि कानडीची छाया वाढत जाते, त्यामुळे नाव ऐकलं तसं उतरवा, प्रमाण मराठीत ‘दुरुस्त’ करू नका. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण ऑनलाइन आहे, तिथलं ध्वनिमुद्रण ऐकलंत तर कान तयार होतो. मुद्रण डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाईलमध्येच करा, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर ध्वनीचा अभ्यास होत नाही. मोजमापाला प्राट हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

बोलीनावावरून थेट शास्त्रीय नाव लावणं हे मी अनेक प्रबंधांत पाहिलंय आणि माझा त्यावर राग आहे. शंखपुष्पी म्हणून कुठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस वापरतात, कुठे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, तर कुठे गोकर्ण. ब्राह्मी म्हणून बकोपा मोनिएरीही येते आणि सेन्टेला एशियाटिकाही. दोघींचं कुळ वेगळं, रसायन वेगळं: एकीत बॅकोसाइड्स, दुसरीत एशियाटिकोसाइड. म्हणजे नावाच्या पातळीवरचा गोंधळ तसाच थेट तुमच्या क्रोमॅटोग्रामपर्यंत, म्हणजे घटक वेगळे करून दाखवणाऱ्या आलेखापर्यंत जातो. जिल्ह्यासाठी यादव आणि सरदेसाई यांचं २००२ चं कोल्हापूर जिल्ह्याचं फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचं पुस्तक, हाताशी ठेवा, आणि नंतर बदललेली नावं लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर तपासा.

जुनी नावंही शोधायला विसरू नका. टाकळ्यावरचं जुनं काम कॅसिया टोरा या नावाखाली आहे, आता तो सेना टोरा. नरक्याचं उदाहरण तर तुमच्या विषयाला फार जवळचं आहे. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य १९६६ साली वॉल आणि वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं करून दाखवलं. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना ते आपल्या पश्चिम घाटातल्या नरक्यात सापडलं, पण त्यांच्या लेखात झाडाचं नाव मॅपिया फीटिडा असं आहे. आज ते नोथापोडायटिस निम्मोनियाना. नुसत्या नव्या नावाने शोधणाऱ्याला तो लेख दिसतच नाही.

तुमच्या स्वतःच्या विषयात मी फार बोलत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. पण बाहेरून पाहिलेलं एक सांगतो. ड्रॅगेनडॉर्फच्या द्रावणाला नारिंगी साका आला, फेरिक क्लोराइडला रंग आला, की ‘अल्कलॉइड आणि फिनॉल आढळले’ असं लिहून प्रकरण संपवू नका. त्या प्राथमिक चाचण्या आहेत, खोटे होकार देतात. तसंच जीसी-एमएस मशीनच्या लायब्ररीने (त्यात साठवलेल्या द्रव्यांच्या यादीने) सुचवलेलं नाव म्हणजे ओळख नव्हे. प्रमाणित द्रव्य शेजारी चालवा. एकाच झाडात महिन्यागणिक, भागागणिक घटकांचं प्रमाण बदलतं, म्हणून तारीख आणि कोणता भाग हे प्रत्येक बाटलीवर हवं. आणि गावात भाजी उकळून पाणी टाकून देतात की तेच पाणी पितात, हे विचारून घ्या. मिथेनॉलच्या अर्कासोबत तसा पाण्यातला अर्कही करा. ते उकळून टाकलेलं पाणी तपासायला भाषेच्या नोंदीच तुम्हाला पाठवतील.

परवानग्यांबद्दल, मी वकील नाही, तेव्हा खात्री करून घ्या. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत काही गोळा करायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो. मालकीच्या बांधावरचं, परड्यातलं काम तुलनेने सोपं, मालकाला विचारून करा. पहिलं वर्ष तेवढ्यावरच काढा असं मी म्हणेन. देवराईतून पानही तोडण्याआधी गावाला विचारा. नमुना परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचा किंवा पेटंटचा विचार असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आणि २०२३ ची दुरुस्ती आधी वाचा, हे प्रकरण चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जातं. गावच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते, ती बघायला मागा. माहिती देणाऱ्यांची संमती मराठीत घ्या, सही येत नसेल तर ध्वनिमुद्रित. त्यांची नावं छापायची की नाही हे त्यांनी ठरवायचं.

नरक्या, कंदीलपुष्पं असलं काही दुर्मीळ सापडलं तर नेमकी जागा छापू नका, तालुका पुरे. नरक्याची तोड आणि तस्करी खरी आहे आणि आपला प्रबंध त्याचा नकाशा होता कामा नये. अक्षांश-रेखांश शीटसोबत संग्रहाला द्या, लेखात नको.

फेलोशिप आणि मशीनच्या दरांबद्दल इथले दुसरे सदस्य जास्त सांगतील, माझी माहिती जुनी झालीय. एवढंच की दर ठरण्याआधी नमुने देऊ नका, आणि कच्चा डेटा फाईलमध्ये मागून घ्या, नुसती छापील प्रत नको.

टाकळा, कुर्डू, भारंगीचे कोवळे कोंब पहिल्या पावसानंतर येतात, पण ओळखीसाठी लागणारी फुलं पुढे येतात, त्यामुळे एकाच झाडाकडे किमान दोनदा जावं लागेल. संग्रहाला पत्र मात्र आत्ता, उन्हाळ्यातच टाका. मसुदा हवा असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, माझ्या पत्राची प्रत नाव-गाव झाकून पाठवतो. त्यात पोच मागणारी ओळ मी ठळक केलेली आहे, ती तशीच ठेवा.